‘रत्नागिरीला न्या’ असे म्हणण्याआधी

(आदिवासी सेवाकार्याच्या हितचिंतकांसाठी रत्नागिरी येथे भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या गावाचे नाव कोकणात दोन कारणांसाठी घेतात. एक हापूस आंबा. दुसरे कारण आपण चारचौघांत हसत सांगतो. घरात कोणी असंबद्ध बोलू लागले, रात्ररात्र जागू लागले, की सिंधुदुर्गापासून कोल्हापुरापर्यंत लोक म्हणतात, “ह्याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे.” पुण्याकडे येरवडा म्हणतात, मुंबईकडे ठाणे म्हणतात. बोलणाऱ्याची ती थट्टा असते. पण ज्याच्या घरी खरेच असा माणूस आहे, त्याच्या मनात ते वाक्य काट्यासारखे रुतून बसते आणि तो माणूस दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचायला दोन-चार वर्षे उशीर करतो. आज मी त्या उशिराविषयी बोलणार आहे.

आपले प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ साली सुरू झाले. तिथे ३६५ खाटा आहेत. राज्यात ठाणे, पुणे आणि नागपूर इथे अशीच जुनी सरकारी मनोरुग्णालये आहेत. आपल्यातले किती जण त्या फाटकाच्या आत गेले आहेत? बाहेरून दिसते ती भिंत. आत बाह्यरुग्ण विभागही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माणूस डॉक्टरांना भेटतो, गोळ्या घेतो आणि त्याच दिवशी घरी परततो. मनाच्या आजाराच्या बहुतेक रोग्यांना दाखल करावेच लागत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. त्यात शंभरातल्या साधारण दहा प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. आणि निरनिराळ्या आजारांत शंभरातल्या ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आपल्या उपासनेला शंभर माणसे बसली असतील, तर हिशेब तुम्हीच करा. त्या दहा जणांची नावे आपल्याला ठाऊक नसतात, कारण ती सांगण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

आता आपल्या कामाच्या गावांकडे येऊ. खेड, मंडणगड, दापोली, संगमेश्वर या भागांत कातकरी वाड्या आहेत. कातकरी समाजाची गणना महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींत होते. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळी झाली की यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. हातात आगाऊ घेतलेली उचल असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. अशा घरात एखादी बाळंतीण गप्प गप्प झाली, मुलाला पाजेनाशी झाली, किंवा तरुण मुलाला कानात आवाज येऊ लागले, तर काय होते? रत्नागिरी म्हणजे एसटी बदलत बदलत जाणारा अख्खा दिवस. रोग्याची आणि सोबत्याची मिळून दोन मजुऱ्या बुडतात. कोणी आणलेच, तर महिन्याच्या गोळ्या मिळतात. पुढच्या महिन्यात कुटुंब भट्टीवर गेलेले असते. गोळ्या संपतात, आजार उलटतो आणि वाडीत बोलले जाते, “डॉक्टरच्या औषधाने काही होत नाही.” हे अज्ञान नव्हे. त्यांच्या डोळ्यांसमोर जे घडले, तेच ते सांगतात.

भगताकडे लोक का जातात, तेही समजून घेऊ. भगत वाडीतच राहतो. रात्री हाक मारली तरी येतो. रोग्याची भाषा बोलतो, घरच्यांचे सगळे ऐकून घेतो आणि रोग्याला वेडा म्हणत नाही. यातले ऐकून घेणे आपण त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे. पण भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, चाबकाने मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई केली आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे झोपडीला आग लागली आणि साखळदंडांत अडकलेल्या २८ रोग्यांचा त्यात जीव गेला. नातेवाइकांनी त्यांना तिथे आणले होते ते बरे व्हावेत म्हणूनच.

भगताबद्दल बोलताना आपण आपल्या मंडळीकडेही पाहिले पाहिजे. “विश्वास कमी पडला म्हणून मन खचले,” “प्रार्थना वाढवा, गोळ्या बंद करा,” असे आपल्यातही बोलले जाते. मधुमेहाची गोळी बंद करा, असे कोणी पाळक सांगत नाही. मग हीच गोळी का बंद करायची? एलीया संदेष्टा आठवा. एवढा मोठा देवाचा माणूस, पण रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला घातले. पुढचे बोलणे नंतर झाले. प्रार्थना जरूर करा. पण गोळीच्या जागी नको, गोळीच्या सोबत करा.

समुपदेशन म्हणजे काय, असेही पुष्कळ जण विचारतात. नुसते बोलून काय होणार? समुपदेशक उपदेश करत नाही. मनात कोणता विचार पुन्हा पुन्हा येतो, तो आल्यावर माणूस काय करतो आणि त्याने त्रास वाढतो की कमी होतो, हे तो रोग्याबरोबर बसून तपासतो आणि छोटे छोटे बदल करून पाहायला लावतो. त्याला आठवडे लागतात, मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये ठेवावा लागतो तसेच. काही आजारांत ते पुरेसे असते, काहींत औषधही लागते. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

दृष्टी बदलते, याला पुरावा आहे. कुष्ठरोग्याला एकेकाळी गावाबाहेर काढत. मिशनच्या दवाखान्यांनी त्यांच्या जखमा धुतल्या, १९८२ नंतर बहुविध औषधोपचार आला आणि आजार बरा होतो हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मगच ‘महारोगी’ हा शब्द मागे पडू लागला. मनाच्या आजारातही बरा झालेला माणूस लोकांना दिसला पाहिजे. आणि नेमके इथेच घोडे अडते. बरे झालेल्या कितीतरी रोग्यांना घरचे न्यायला येत नाहीत. बहिणीचे लग्न ठरायचे असते, वाटणी व्हायची असते. २०१७ चा कायदा सांगतो की केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्या कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. पण मायेने दार उघडायला कायदा कोणाला लावू शकत नाही. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणतात, उपचार करतात आणि त्यांचे घर शोधून तिथे पोचवतात. या कामासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपण काय करू शकतो? पैसे देता, त्याबद्दल आभार. पण रोग्याच्या आणि सोबत्याच्या एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी यांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढा; उपचार तिथेच तुटतात. कुटुंब भट्टीवर जाणार असेल, तर निघण्याआधी जास्त दिवसांची औषधे आणि उपचाराचे कागद सोबत देता येतील का, हे डॉक्टरांना विचारायला आपला कार्यकर्ता बरोबर जावा. महिला मंडळाने बाळंतपणानंतर गप्प झालेल्या बाईकडे दोनदा जावे. पहिल्या भेटीत ती बोलणार नाही. मरणाची भाषा कोणी केली, तर थट्टा नको, एकटे सोडणे नको. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच आता कायदा धरून चालतो; त्याला शिक्षा नाही, उपचार मिळावेत. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तो मंडळीच्या फलकावर लिहा, वाडीतल्या शाळेच्या भिंतीवर लिहा.

आणि उपचार घेऊन परतलेला माणूस रविवारी उपासनेला आला, तर त्याला मागच्या बाकावर एकटा बसू देऊ नका. तब्येत विचारा, मग पाऊसपाण्याचे, शेताचे बोला. इतरांशी जसे बोलता, तसेच.