शून्य आणि रिकामी जागा



संयोजकांनी मला विषय दिला आहे साथरोग आणि सरकारी पूर्वतयारी. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा इंजिनिअर आहे. पण तीन वर्षं मी एका शहराच्या साथरोग-नोंदींच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आणि त्यात एक चूक केली. आज बरंचसं त्या चुकीबद्दलच बोलणार आहे.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते सांगतो. आपल्या देशात 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्याचे मुख्य फॉर्म तीन. आरोग्यसेविका वस्तीत फिरून नुसत्या लक्षणांची नोंद करते, ताप आणि पुरळ, जुलाब, कावीळ, तो एस फॉर्म. डॉक्टर तपासून संशयित आजार लिहितो, तो पी. प्रयोगशाळेने पक्कं केलेलं लिहायचं, तो एल. आठवडा सोमवारी सुरू होतो, रविवारी संपतो. 2021 पासून यासाठी देशपातळीवर नवीन ऑनलाइन पोर्टल आलं. आम्ही बनवत होतो तो शहराच्या अधिकाऱ्यांसाठीचा नकाशा होता. साप्ताहिक आकडे आत, रंग बाहेर. रुग्ण जास्त तर लाल, थोडे तर पिवळा, शून्य तर हिरवा.

अडचण अशी की अनेक ठिकाणांहून आकडाच येत नसे. नकाशावर तिथे भोकं दिसत. सादरीकरण दोन दिवसांवर होतं आणि भोकं असलेला नकाशा साहेबांना दाखवायचा कसा? मी एक ओळ लिहिली. जिथे आकडा आलेला नाही तिथे शून्य धरा. भोकं गेली. नकाशा छान हिरवागार झाला. सादरीकरणात टाळ्याही पडल्या.

हिरव्या झालेल्या भागांत माझ्या खालाची वस्ती होती.

तिथे सहा आठवडे हिरवा रंग होता. मग एके रात्री अम्मीचा फोन आला, खालाच्या नातवाला खसरा झालाय, धाप लागलीय. खसरा म्हणजे गोवर. त्याचा पुढे न्यूमोनिया झाला, तेरा दिवस तो दवाखान्यात होता. वाचला, अल्हमदुलिल्लाह. त्याच गल्लीतली एक मुलगी मात्र घरी परत आली नाही.

मी वस्तीतल्या डॉक्टरांकडे गेलो. बीयूएमएस झालेले, पंचवीस वर्षं तिथेच दवाखाना. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. ताप, पुरळ, लाल डोळे, असं पानामागून पान. मी विचारलं, कळवलं का नाही? ते म्हणाले, "बेटा, कोणी विचारलंच नाही. आणि आपण होऊन कळवलं तर माझ्याच दवाखान्याची चौकशी लागेल." त्यांच्याकडे फॉर्म नव्हता, कोणाचा नंबर नव्हता. त्या भागाची आरोग्यसेविका बदलून गेली होती, जागा भरलेली नव्हती. म्हणून आकडा येत नव्हता. आणि मी त्या न आलेल्या आकड्याला हिरवा रंग दिला होता.

आता थोडा हिशेब करा. गोवर झालेलं एक मूल, प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतं. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते पुरळानंतर चार दिवसांपर्यंत. एकापासून दुसऱ्याकडे जाऊन पुरळ दिसायला साधारण दोन आठवडे. म्हणजे माझ्या सहा हिरव्या आठवड्यांत साथीच्या तीन पिढ्या झाल्या. ती मुलगी माझ्या एका ओळीमुळे गेली असं मी म्हणणार नाही, तेवढं सरळ ते नसतं. पण त्या गल्लीत कोणीतरी चार आठवडे आधी जायला हवं होतं आणि नकाशा सांगत होता की जायची गरज नाही.

मला लाज याची वाटते की मला हे कळायला हवं होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की सर्व्हर दर मिनिटाला नुसतं 'मी चालू आहे' एवढं सांगतो. तो गप्प झाला की आपण 'सगळं ठीक' म्हणत नाही, रात्री तीनला उठून बघतो. यंत्राच्या गप्प बसण्याला घाबरणारा मी, चाळीस हजार माणसांच्या वस्तीच्या गप्प बसण्याला हिरवा रंग देऊन मोकळा झालो.

पोलिओवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. त्यांच्या पद्धतीत रुग्ण नसला तरी दर आठवड्याला 'शून्य' असं कळवावंच लागतं. न कळवणं हे उत्तर धरलं जात नाही. त्याहून भारी दुसरी गोष्ट. लहान मुलांना अचानक लुळेपणा पोलिओशिवाय इतर कारणांनीही येतो. पंधरा वर्षांखालच्या एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी असं मूल सापडलंच पाहिजे, असा जागतिक निकष आहे. एकही सापडलं नाही तर तुमचा जिल्हा निरोगी नाही, तुम्ही शोधतच नाही आहात. काहीच न सापडण्यावर संशय घेणारी व्यवस्था! मला इंजिनिअर म्हणून याचं फार कौतुक वाटतं.

आणि दारावरच्या खडूच्या खुणा आठवतात? पोलिओच्या टीमने घरातल्या सगळ्या मुलांना डोस दिला की 'पी', कोणी राहिलं किंवा नकार मिळाला की 'एक्स'. एक्स म्हणजे सरकारने आपलं राहिलेलं काम सगळ्यांना दिसेल असं दारावर लिहून ठेवलं. मग टीम पुन्हा त्या दारी जाई. उत्तर प्रदेशात हे एक्स मुस्लिम मोहल्ल्यांत साचले होते. लस नपुंसक करते अशी अफवा होती. ते एक्स पोलिसांनी पुसले नाहीत. मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर गेल्या, इमामांनी मशिदीतून सांगितलं, अलिगढ विद्यापीठ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द सोबत आले. देशातला जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. 27 मार्च 2014 ला आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

जबरदस्तीने काय होतं तेही आपल्या मुंबईने पाहिलंय. 1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला, पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला, घराघरांत तपासणी पथकं घुसू लागली. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांनी पथकाला अडवलं आणि दंगल पेटली. त्याच शहरात, त्याच काळात आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर स्वतः प्लेगची लस टोचून घेतली आणि डॉ. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला जागा दिली. खोजा समाजातल्या हजारोंनी त्यांच्यामागे लस घेतली.

आज भीतीची कारणं वेगळी आहेत आणि ती सगळीच खुळी नाहीत. 2020 च्या सुरुवातीला मी एका आरोग्यसेविकेबरोबर फिरत होतो. दारातल्या चाचींनी पहिलाच प्रश्न केला, "हे एनआरसीचं तर नाही ना?" तिने चिडून 'नाही हो' म्हटलं आणि दार बंद झालं. पुढच्या दारी मी कागद त्यांच्याच हातात दिला. बघा, मुलाचं वय, डोस, ताप. आधार नाही, जन्माचा दाखला नाही. दार उघडं राहिलं. तेव्हा तुमच्यापैकी कोणी अशी सॉफ्टवेअर बनवत असेल तर गरजेपेक्षा एक रकाना जास्त ठेवू नका. प्रत्येक जास्तीच्या रकान्याला एकेक दार बंद होतं.

पूर्वतयारीत इतरही बरंच असतं. लशीचा फ्रीज दोन ते आठ अंशांत राहतो का, वीज गेली तर काय, जलद प्रतिसाद पथकातल्यांचे नंबर चालू आहेत की बदली झालेल्यांचे आहेत. हे सगळं तपासायला हवंच. पण 2022 साली मुंबईत गोवर पसरला आणि गोवंडीचं नाव रोज बातम्यांत येऊ लागलं, तेव्हा सरकारने साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला सांगितलं. नऊ महिन्यांखालची बाळं जास्त आजारी पडत होती तिथे सहा महिन्यांपासूनच. हा निर्णय कुठल्या वस्तीला लागू होणार? जिथले आकडे आले तिथे. मोजलंच गेलं नाही तिथली बाळं जादा डोसच्या यादीत येणार कशी?

माझी ती ओळ मी काढली. न आलेल्या आकड्याला आता राखाडी रंग आहे आणि दोन आठवडे राखाडी राहिलं की अधिकाऱ्याच्या फोनवर सूचना जाते. हे मंजूर व्हायला चार महिने लागले. राखाडी नकाशा वाईट दिसतो, असं म्हणणं होतं. मला ते समजत होतं, मीही तेच म्हणालो होतो.

बाकी काम सॉफ्टवेअरबाहेरचं आहे. खालाच्या वस्तीतले आम्ही पाच जण, त्यात दोन मुली फार्मसी शिकणाऱ्या, अकरा दवाखाने वाटून घेतलेत. रुग्णाचं नाव घेत नाही, फक्त आकडा. ताप आणि पुरळ किती, जुलाब किती, नसतील तर शून्य. आकडे वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात सोमवारी सकाळी पोचवतो. पहिल्या महिन्यात तिथे कोणी घेईना. आता एखाद्या सोमवारी उशीर झाला तर तिकडून फोन येतो. डॉक्टरसाहेब पहिल्यांदा 'शून्य' सांगताना हसले होते. "इसके लिए फोन किया?"

आज रविवार. अकरापैकी नऊ आलेत. डॉक्टरसाहेबांचा अजून नाही. इथून बाहेर पडलो की आधी त्यांना फोन लावतो.