वजनावर नको, वहिनी!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या काकांचं छोटं वर्कशॉप होतं. काका गेले आणि तेराव्याच्या आतच शेजारचा कारखानदार काकूकडे आला. ‘वहिनी, सगळं वजनावर घेतो, जागा मोकळी करून देतो.’ काकू हो म्हणणारच होती. यंत्रातलं बाईला काय कळतं, हे तिनंच मान्य करून टाकलेलं!

एमएसडब्ल्यू झालेल्या मलाही लेथ कोणता, शेपर कोणता, ठाऊक नव्हतं. काकांच्या जुन्या कारागिरानं ते शिकवलं. बेड कुठे झिजलाय ते बोटांनी चाचपून दाखवलं. आम्ही वहीत एकेक वस्तू लिहिली; चक, मायक्रोमीटर, व्हर्नियर वेगळे. तिघांकडून लेखी भाव घेतले. वीज मात्र तोडू दिली नाही. बंद यंत्राला गिऱ्हाईक भंगाराचाच भाव करतं.

मग धाकटे काका म्हणाले, ‘विकायचा अधिकार कुणाचा?’ वर्कशॉप काकांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलं, मुली आणि आई यांचे वाटे सारखे. हे असताना भावाला काही नाही. दोन्ही मुलींच्या सह्या आणि आजीचा अंगठा घेतला.

काकूच्या खात्यात पैसे जमा झाले, त्यानंतरच लेथ ट्रकवर चढला.