शेवटची कर्जत लोकल आणि डोंगरातली वाडी

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पावसाळी पदभ्रमणाच्या पूर्वतयारीसाठी दादर येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पावसाळ्यातल्या कोणत्याही शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास दादर स्थानकात मध्य रेल्वेच्या फलाटावर उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. चर्नी रोडहून पश्चिम रेल्वेने आलेली गिरगावची मुले, लालबाग-परळहून रमतगमत चालत आलेली मुले, माटुंग्याच्या वसतिगृहांतून निघालेल्या मुली, असा मेळा पाठीवर पिशव्या अडकवून शेवटच्या कर्जत लोकलची वाट पाहत असतो. कुणाच्या पायात नवेकोरे भारी बूट, तर कुणाच्या पायात शाळेतलेच कॅनव्हासचे. गाडी येते. दिवसभराची चाकरी आटोपून घरी निघालेली माणसे डब्यात डुलक्या घेत असतात. त्यांच्या गर्दीत ही मंडळी शिरते आणि उत्तररात्री कर्जतच्या फलाटावर उजाडायची वाट पाहत पथाऱ्या पसरते. मुंबईतल्या मराठी तरुणांच्या कित्येक पिढ्यांची सह्याद्रीशी पहिली ओळख या गाडीने करून दिली आहे.

ही परंपरा जुनी आहे. १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार' ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली. हरीश कापडिया यांचे सह्याद्रीतील वाटांवरील इंग्रजी पुस्तक १९७७ साली निघाले आणि रविवारच्या भटक्यांच्या पिशवीत विसावले. पुढे महाविद्यालयांतून भटक्यांची मंडळे उभी राहिली. त्यांचा सारा कारभार सूचनाफलकावरच्या एका चिठ्ठीवर आणि वर्गणीच्या वहीवर चाले. वरच्या वर्गातला विद्यार्थी खालच्या वर्गातल्याला वाट दाखवी, पुढच्या वर्षी तो तिसऱ्याला दाखवी. त्यात नोंदवहीत न मावणारी एक शिस्त होती.

आज चित्र बदलले आहे. भ्रमणध्वनीवर जाहिरात येते, पैसे भरले जातात, दादरच्या रस्त्याच्या कडेला बस उभी राहते आणि एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली चाळीस माणसे एका गडावर नेऊन परत आणली जातात. अशा सहली सचोटीने चालविणारेही पुष्कळ आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण भाषेत शिरलेले एक क्रियापद मात्र कानाला खटकते. पूर्वी माणसे गडावर जात, गड पाहत. आता गड 'केला' जातो. "राजमाची केली का?" "झाली, गेल्या वर्षीच." एकदा केलेली गोष्ट पुन्हा कशाला करायची? मग पुढचा गड, पुढचे छायाचित्र. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. प्रत्येक मराठी माणसाची छाती त्या दिवशी अभिमानाने भरून आली आणि ते योग्यच होते. मात्र या यादीकडेही 'करावयाच्या गडांची यादी' म्हणून पाहिले जाऊ लागले, तर तिचा मान राहणार नाही.

विद्यापीठातल्या तरुणांच्या सामूहिक पदभ्रमणाचा विचार म्हणूनच थोडा निराळ्या अंगाने व्हायला हवा. त्यातही गिरणगावातल्या तरुणाने तो आवर्जून करावा. त्याचे कारण याच वाटेवर सापडते.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. तो घाट फोडताना हजारो मजुरांनी प्राण गमावले. त्यांच्या नावांची यादी कुठेही लावलेली नाही. त्याच सुमारास मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या. घाटावरून सातारा-पुण्याकडची माणसे या मार्गाने खाली उतरली, कोकणातली माणसे गलबतांतून आणि बोटींतून भाऊच्या धक्क्याला लागली. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगावच्या चाळींत एकेका गावाच्या मंडळींनी एकेक खोली घेतली. एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस जण झोपत. खोली मुंबईत असे, पण तिची ओळख गावाच्या नावाने असे. घाटावरून आलेल्याला शहराने 'घाटी' म्हटले. ज्या घाटाने या शहराला कामगार दिले, त्याच्याच नावाची या शहराने शिवी केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने हे जग मोडले. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात ओढले गेले; पुष्कळांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकू आला नाही. काही गावी परतले, काही मुंबईतच मिळेल ते काम करीत राहिले. आज परळच्या किंवा दादरच्या महाविद्यालयात शिकणारा मुलगा बहुधा त्या कामगाराचा नातू असतो. त्याचे गाव आता मे महिन्यापुरते आणि गणपतीपुरते उरले आहे. चाळीच्या जागी मनोरा आला. गावच्या मंडळाची ती खोलीही पुनर्विकासात गेली. असा मुलगा कर्जतहून राजमाचीची वाट चढू लागतो, तेव्हा आजोबा ज्या डोंगरातून खाली उतरले त्या डोंगराकडे तो परत निघालेला असतो. हे त्याच्या लक्षात आले तर त्याच्या चालण्यात फरक पडतो.

गो. नी. दांडेकरांनी 'माचीवरला बुधा' या कादंबरीत हेच माणूस उभे केले. मुंबईतला संसार मागे टाकून राजमाचीवर परत जाणारा हा म्हातारा. आप्पांनी तो माणूस कल्पनेतून घडविला असला, तरी ती माची त्यांनी पायांनी पाहिलेली होती. येत्या शनिवारी जी मुले राजमाचीला निघणार आहेत, त्यांनी गाडीत बसण्यापूर्वी ती छोटी कादंबरी वाचून घ्यावी. माहितीपत्रकापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

राजमाचीला दोन वाटा आहेत. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जाणारी वाट लांब, सुमारे पंधरा किलोमीटरची, पण बरीचशी सपाटीची. दुसरी कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून कोंडाण्याच्या बौद्ध लेण्यांवरून वर चढणारी. अंतराने कमी, पण छातीवरची. दोन्ही वाटा उधेवाडीत एकत्र येतात. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्यामधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ. याच डोंगरात उल्हास नदीचा उगम आहे. कल्याण-बदलापूरकडे फुगलेली दिसणारी नदी येथे ओढ्याएवढी असते. उधेवाडीच्या घरांतून पिठले-भाकरी मिळते. ती देणाऱ्या माउलीने पहाटे उठून चूल पेटवलेली असते, पाणी दुरून आणलेले असते. शंभर रुपयांच्या ताटावर घासाघीस करणारा विद्यार्थी त्याच आठवड्यात दादरला एका पेल्यातल्या कॉफीला दोनशे रुपये निमूटपणे देतो. हे बोलणे कडू वाटेल, पण तसे घडते.

आता इर्शाळवाडीविषयी बोलणे प्राप्त आहे.

चौक गावाच्या वरच्या अंगाला, इर्शाळगडाच्या पायथ्याशी ठाकर बांधवांची ही वाडी होती. खालून तास-दीड तासाची चढण, गाडीरस्ता नाही. इर्शाळच्या सुळक्याकडे जाणारे मुंबई-पनवेलचे भटके याच वाडीत थांबत, पाणी पीत, जेवत, वाटाड्या घेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री, सलग कोसळणाऱ्या पावसात, डोंगराचा उतार या वाडीवर आला. घरे झोपेतल्या माणसांसह गाडली गेली. काही तरुण त्या रात्री वाडीच्या शाळेत होते, म्हणून वाचले. चार दिवसांच्या शोधानंतर २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबविण्यात आला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते.

त्या रात्री यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, कारण त्यांना रस्ताच नव्हता. माणसे चालत गेली. आपत्ती निवारण दलाच्या जवानांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. मदतीला जाताना चढणीवरच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. खोपोली-पनवेल परिसरातले गिर्यारोहक काळोखात, पावसात, निसरड्या वाटेवर लवकर पोहोचले आणि इतरांना वर नेऊ लागले. त्यांना ते जमले, कारण ती वाट त्यांच्या पायाखालची होती. वर्षानुवर्षे रविवारी तीच वाट चढणाऱ्यांच्या सवयीचा त्या रात्री उपयोग झाला.

पण याच वेळी एक प्रश्न मनात येतो. इर्शाळच्या सुळक्याची छायाचित्रे काढून गेलेल्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी किती जणांना, ज्या घरी पाणी प्यायले त्या घरच्या माणसाचे नाव ठाऊक होते? दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत नावांची यादी आली, तेव्हा त्यातले एखादे नाव ओळखीचे निघाले, असे किती जणांच्या बाबतीत घडले?

या प्रश्नातूनच येत्या पदभ्रमणाची आखणी व्हावी, अशी अपेक्षा आहे. वर्षाला बारा गड करण्यापेक्षा एकच वाट निवडावी आणि त्या वाटेवर पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा जावे. तीन वर्षांच्या पदवीच्या काळात आठ-दहा वेळा एकाच वाडीत गेलेल्या मुलाला तिथली माणसे नावाने ओळखतात. मग तिथल्या शाळेत शिक्षक किती आहेत, उन्हाळ्यात विहीर कधी आटते, आजारी बाई खाली कशी नेतात, हे त्याला विचारावे लागत नाही; ते आपोआप कळते. आणि डोंगरही कळू लागतो. गेल्या वेळी नव्हती ती भेग उताराला पडली आहे, झाडे तिरकी कलली आहेत, एरवी नितळ असलेला झरा गढूळ वाहतो आहे, ही दरडीची पूर्वचिन्हे असू शकतात. ती एकदाच येणाऱ्याला दिसत नाहीत, कारण आधी काय होते हे त्याला ठाऊक नसते. स्थापत्य किंवा भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी ती टिपून, छायाचित्रांसह, तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात लेखी द्यावीत. तशा पत्राने इर्शाळवाडी वाचली असती असा दावा कोणी करू नये. पण तसे पत्र देण्याइतकी ओळख असायला हवी होती, एवढे तरी मान्य करायलाच हवे.

जर्मनीतले एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक १९०९ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन अनेक दिवसांच्या पायी सहलीवर निघाले होते. वादळाने गाठले आणि एका खेडेगावातल्या शाळेत, गवतावर झोपून त्यांना रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या अशा शाळा चालणाऱ्या मुलांचा निवारा का होऊ नयेत, हा विचार त्या रात्री त्यांना सुचला. १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले युवा वसतिगृह उभे राहिले आणि ती चळवळ पुढे जगभर पसरली. पंचतारांकित सोयींतून हा विचार सुचला नसता. पावसात अडकलेल्या मुलांना गावाने आसरा दिला, तेथून तो निघाला.

एकत्र चालावे कसे, हे मात्र महाराष्ट्राला जर्मनीकडून शिकण्याची गरज नाही. पंढरीच्या वाटेवरची दिंडी पाहावी. पुढे पताका, मागे टाळकरी, मृदंग, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया; प्रत्येकाची जागा ठरलेली. सत्तर वर्षांची म्हातारी आणि वीस वर्षांचा तरुण एकाच लयीत चालतात. डोंगरातही गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असावा. पुढे वाट माहीत असलेला एक जण आणि सर्वांच्या मागे दुसरा, ज्याने कोणालाही आपल्या मागे पडू द्यायचे नाही. हे मागचे काम धट्टाकट्टा आणि शांत स्वभावाच्या मुलाकडे द्यावे; पुढे धावण्याची हौस असलेल्याकडे मुळीच देऊ नये. गट वीस-पंचविसांचा पुरे. ओढा ओलांडण्याआधी आणि ओलांडल्यावर माणसे मोजावीत.

पाण्याच्या बाबतीत तर कोणतीही सवलत नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण क्षणार्धात वाहून गेले. थोड्या वेळापूर्वी त्या पाण्यात माणसे खेळत होती. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस खाली येईपर्यंत दिसत नाही. म्हणून धबधब्याखाली जाणे नाही, फुगलेला ओढा ओलांडणे नाही. वाट अडली तर परत फिरावे. निघण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आहे का, हेही पाहावे. असला तर शनिवार घरी काढावा. गड तीनशे वर्षे उभा आहे, आणखी आठवडाभर थांबेल.

मुलींच्या पालकांना चिंता असते, ती रास्तच आहे. संयोजकांनी लालबाग-गिरगावात त्यांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन बोलावे. जाण्याची गाडी, परतीची गाडी, मुक्कामाच्या घराचा दूरध्वनी, हे सारे कागदावर लिहून हाती द्यावे. चहा पिऊन झाल्यावर त्याच घरातले आजोबा "कुठल्या वाटेने जाणार?" असे विचारतात आणि मग त्या घाटाची अशी हकिगत सांगू लागतात, की संयोजकांनी वही काढावी.

वर्गणी शक्य तितकी कमी असावी, आणि ज्याला तीही जड असेल त्याची ती गटाने आपसांत, गाजावाजा न करता भरावी. उधेवाडीत जेवणाची संख्या दोन दिवस आधी कळवावी आणि ऐन वेळी पाच जण गळाले, तरी कळविलेल्या ताटांचे पूर्ण पैसे द्यावेत. प्रत्येकाने नेलेला प्लास्टिकचा कचरा मुंबईत परत आणायचा आहे. वाडीत कचरागाडी येत नाही.

शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत सर्वांनी दादरला जमायचे आहे. सर्वांच्या मागे कोणी चालायचे, ते आज येथून उठण्याआधी ठरवून घ्यावे.