उलटं धरून बघा

आज एका वाडग्यापासून सुरुवात करू.

जुसेप्पे आर्चिंबोल्दो हा सोळाव्या शतकातला मिलानचा चित्रकार. इटलीत क्रेमोनाच्या संग्रहालयात त्याचं एक चित्र आहे: काळपट वाडगा, त्यात कांदे, कंद, पाला असं सगळं शिगोशीग भरलेलं. मंडईतून आत्ताच पिशवी रिकामी केल्यासारखं. हेच चित्र उलटं करा. वाडग्याची टोपी होते, लांबट कंदाचं नाक, कांद्याचा फुगीर गाल, आणि एक गुबगुबीत माळी तुमच्याकडे बघायला लागतो. पुन्हा सुलटं करा. तो आत बसलाय हे ठाऊक असूनही समोर निव्वळ भाजी!

चेहरा उलटा झाला की आपली नजर फार अडते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी 1969 साली दाखवून दिलं, की उलटी घरं किंवा विमानं ओळखताना होते त्याहून कितीतरी जास्त पंचाईत उलट्या चेहऱ्यांबाबत होते. साध्या वस्तूंचंही थोडं तसंच. आडवीतिडवी किटली ओळखायला क्षणभर जास्त लागतो. सरावानं तो क्षण आखडतो, पण सराव झालेल्या वस्तूंपुरताच. नवी वस्तू आली की पुन्हा पहिल्यापासून. जुन्या छापखान्यातले कंपोझिटर आठवा. खिळ्यांच्या उलट्या ओळी ते भराभर वाचत. म्हणून उलटा चेहरा त्यांना आपल्याहून लवकर ओळखू येत असेल, असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे त्याच 1969 साली जर्मन चित्रकार गेऑर्ग बाझेलित्झ यानं झाडं उलटी रंगवायला घेतली. काढून मग फिरवलेली नव्हेत, मुळातच खाली डोकं वर पाय. ‘झाड’ म्हणून पुढे सरकण्याची आपली घाई तिथे अडखळते आणि रंगाचे फटकारे आधी दिसतात. मला त्याची सगळीच चित्रं आवडतात असं नाही, पण ही युक्ती फार कामाची आहे.

घरी करून बघा. कपबशीचा फोटो उलटा ठेवा आणि पेन्सिलीनं उतरवा. मी सुलटा कप काढायचो तेव्हा कान नेहमी अर्ध्या वर्तुळासारखा यायचा, कारण कपाला कान असतो एवढंच मला माहीत होतं. उलट्या फोटोत कान हरवला, आणि कान नि कप यांच्या मधली फट दिसली. वर निमुळती, खाली फुगलेली, थेट चिंचोक्यासारखी.