वेगाची परीक्षा

दिनांक १ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या प्रगती मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेचा, म्हणजे ज्याला सर्वजण ‘फाइव्ह जी’ म्हणतात त्या सेवेचा, प्रारंभ झाला. त्या प्रसंगी जी प्रात्यक्षिके झाली त्यांत एक शाळेचे होते. मुंबईच्या शाळेतील शिक्षक महाराष्ट्र, गुजरात आणि ओडिशा येथील विद्यार्थ्यांशी जोडले गेले. मांडवातले प्रात्यक्षिक यशस्वी होणारच! खरी परीक्षा सुरू झाली ती पुढच्या आठवड्यात. एका कंपनीने आठ शहरांत सेवा चालू केली. त्या आठांत नागपूर होते आणि हैदराबादही होते.

मडके वाजवून घ्यावे ही आपली जुनी रीत. त्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या हाती वेगमापक ॲप आले. काहींचा मात्र विरस झाला. फोन नवा, महागाचा, पाचव्या पिढीला योग्य. पण त्याच्या प्रणालीत ती सोय अजून खुली केलेली नव्हती. ॲपल कंपनीच्या फोनधारकांना त्यासाठी डिसेंबर २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. लग्नघटिका भरली आणि नवरदेव वाटेतच, असा प्रकार!

श्रोतेहो, समजा, हैदराबादच्या काचीगुडा भागातील एका मराठी गृहस्थांचा फोन योग्य निघाला. ते गच्चीवर गेले आणि त्यांनी कळ दाबली. काटा भराभर चढला व ६०० वर स्थिरावला. गृहस्थ संतुष्ट झाले. पण हे ६०० म्हणजे काय? तो आकडा सेकंदाला ६०० मेगाबिटचा आहे. आपण चित्रपट किंवा छायाचित्रे साठवतो ती मेगाबाइटच्या मापाने, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे ६०० ला ८ ने भागावे. सेकंदाला ७५ मेगाबाइट झाले. दीड हजार मेगाबाइटचा चित्रपट २० सेकंदांत उतरेल. पूर्वीच्या जोडणीत सेकंदाला २० मेगाबिट मिळत असतील, तर त्यालाच १० मिनिटे लागली असती. फरक मोठा आहे, यात शंका नाही. मात्र तो चित्रपट पाहायला अजूनही अडीच-तीन तास लागतात, हेही लक्षात असू द्यावे. शिवाय ही परीक्षा फुकट होत नाही. त्या वेगाने १० सेकंद मोजणी चालली तर ७५० मेगाबाइट खर्च झाले. ज्याच्या योजनेत रोजचे माप ठरलेले असेल, त्याने हा खेळ बेतानेच खेळावा.

आता गृहस्थ गच्चीवरून माजघरात उतरले आणि काटाही उतरला. यात कोणाची लबाडी नाही. ही सेवा मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालते. त्यांच्यावर पुष्कळ माल वाहता येतो. पण जाड भिंती, लोखंडी जाळ्या, गच्च झाडी यांत त्या लवकर क्षीण होतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात; मात्र त्यांच्यावर माल कमी मावतो. दुसरे असे की टॉवरची शक्ती सर्वांत वाटली जाते. चाळीच्या नळासारखाच हा प्रकार. पहाटे एकट्याने कळशी लावली तर धो धो पाणी. सकाळी सातला करंगळीएवढी धार. सेवेच्या पहिल्या आठवड्यात नळावर गर्दीच नव्हती, हे विसरता येत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या पिढीसाठी जी प्रमाणे ठरवली, त्यांतही हा भेद स्पष्ट आहे. आदर्श परिस्थितीतील कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट. दाट शहरी वस्तीत सामान्य ग्राहकाच्या प्रत्यक्ष अनुभवाला येणारा वेग १०० मेगाबिट. म्हणजे दुसरा आकडा पहिल्याचा दोनशेवा हिस्सा. जाहिरातीच्या फलकावर कोणता शोभेल, हे सांगायला नकोच. तेव्हा ज्याला खरी पारख करायची आहे त्याने मोजणी घरात करावी, संध्याकाळच्या गर्दीत करावी, पाच-सात दिवस करावी, आणि सर्वांत कमी आलेला आकडा लिहून ठेवावा.

आणखी एक परीक्षा राहते, आणि ती ॲपला घेता येत नाही. काचीगुड्याच्या त्या गृहस्थांनी खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या बहिणीला दृश्य-फोन लावला. दोन वाक्ये झाली आणि बहीण म्हणाली, “दादा, तू हालेनासा झालास. नुसता आवाज येतोय, तोही तुटक.” गृहस्थांनी फोन बंद करून पुन्हा वेग मोजला. पुन्हा ६००! दोष त्यांच्या टोकाला नव्हताच. दोन माणसांच्या संभाषणाचा वेग दोघांपैकी ज्याची जोडणी दुबळी, त्याच्या जोडणीने ठरतो. हैदराबादकराने दर महिन्याला दुप्पट पैसे भरले तरी बहिणीच्या पडद्यावरचे त्याचे चित्र हलणार नाही.

२०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा गोव्याच्या सांगे तालुक्यातील विद्यार्थी टेकडी चढून जात आणि वर दगडांवर बसून धडे घेत. त्यांना सेकंदाला ६०० मेगाबिट नको होते. दोन-तीन मेगाबिट अखंड मिळाले असते तरी त्यांचा वर्ग घरी भरला असता. पाचवी पिढी देशातील ९९ टक्क्यांहून अधिक जिल्ह्यांत पोहोचली असल्याचे सरकारने २०२५ च्या प्रारंभी सांगितले. ही प्रगती खरी आहे आणि अल्पावधीतली आहे. पण जिल्हा हे फार मोठे माप झाले. जिल्ह्याच्या शहरात टॉवर उभा राहिला की जिल्हा मोजला जातो. डोंगरापलीकडची वाडी त्याच हिशेबात अंग चोरून बसते.

बहिणीच्या घरी परसातल्या पेरूच्या झाडाखाली थोडी रेंज येते. नातीचा अभ्यास तेथेच उतरवून घेतात. पावसाळ्यात आजी छत्री धरून उभी राहते.