देणगी आणि डोनेशन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरच्या एखाद्या शिकलेल्या बाईंना बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि भाषणाची सवय तर मुळीच नाही. परंतु विषय शाळेला मदत करण्याचा आहे. आणि जिची शाळा सातवीत सुटली, तिला या विषयाची किंमत इतरांपेक्षा थोडी जास्तच कळते. म्हणून उभी राहिले.

आपल्या वस्तीजवळच्या खाजगी शाळेने मंडळाकडे मदत मागितली आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. मुलींसाठी स्वच्छतागृह व एक खोली बांधायची आहे. आज तेथे आठवीच्या पुढच्या मुली महिन्यातले चार दिवस घरीच राहतात. चार दिवसांचा अभ्यास बुडतो, मग गणित समजेनासे होते, मग परीक्षा जड जाते, आणि एक दिवस घरची माणसे म्हणतात, "पुरे झाली शाळा." हे सारे कसे घडते ते आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेले आहे.

तरी गेल्या बैठकीत एकमत झाले नाही. एक ताई म्हणाल्या, शाळा खाजगी आहे, फी घेते, मग आपण आणखी का द्यावे? दुसऱ्या म्हणाल्या, डोनेशनचे नावसुद्धा काढू नका. त्यांचा राग मी समजू शकते. माझ्या नात्यातल्या एका मुलाच्या प्रवेशाच्या वेळी एका शाळेने फीखेरीज रक्कम मागितली. पैसे घेतले, पावती मात्र दिली नाही. त्या घरी त्या वर्षी बैलजोडीतला एक बैल विकला गेला.

परंतु भगिनींनो, आपल्या बोलण्यात देणगी आणि डोनेशन हे दोन शब्द वेगळे झाले आहेत ते उगीच नव्हे. देणगी म्हणजे मनाने दिलेले. डोनेशन म्हणजे दारात अडवून घेतलेले. आपल्या राज्यात १९८७ साली अशा सक्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा झाला. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही प्रवेशासाठी असे पैसे घेण्यास बंदी केली, आणि घेतले तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड ठेवला. तेव्हा डोनेशन मागणाऱ्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. पण म्हणून देणगीलाही दार बंद करावे, हे मला पटत नाही.

आपल्या गोंदियाचेच पाहा ना. हा जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो. त्या काळी खेड्यातल्या मुलाला चौथीच्या पुढे शिकायचे म्हणजे घर सोडावे लागे, आणि मुलीचे तर नावच नको. १९५८ साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. स्वतः ते फारसे शिकलेले नव्हते. एकाच दिवशी त्यांनी बावीस हायस्कुले उघडली, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. १९७० साली ते वारले, परंतु त्या शाळांतून शिकून गेलेली माणसे आज तुम्हांला शेतात, कचेरीत, दवाखान्यात, सगळीकडे भेटतील.

या गोष्टीचा एक भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, तो मी सांगते. मनोहरभाईंचा व्यापार बिडीचा. बिडीला तेंदूचे पान लागते. उन्हाळ्यात भल्या पहाटे जंगलात जाऊन ते पान तोडणाऱ्या बाया, आणि ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बिडी वळणाऱ्या बाया, या आपल्याच भागातल्या. मोठ्या माणसाने मोठे मन केले, त्याचा मान त्याला द्यावाच. परंतु त्या पैशामागे हजारो बायकांची बोटे होती, हेही ध्यानात ठेवावे. मग "आम्ही गरीब बाया शाळेला काय देणार?" असे आपण म्हणू नये. आपण आधीपासूनच देत आलो आहोत. फक्त पावतीवर आपले नाव नव्हते.

बाहेरची उदाहरणेही पुष्कळ आहेत. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी त्यांच्या पत्नी बाया कर्वे वर्गणी मागत फिरल्या. बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले तर वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या, आणि १९१८ साली अमेरिकेपर्यंत गेल्या. त्या वेळी त्यांचे वय ४८ होते, म्हणजे आपल्याच वयाच्या. त्यातून विधवा, आणि इंग्रजी जेमतेम. परक्या देशात त्यांनी घरकामही केले, पण संस्थेचे काम सोडले नाही. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागले. पण विचार करा, त्याआधीची चोवीस वर्षे ते काम लहान वर्गण्यांवर तगले नसते, तर १५ लाख द्यायला दारात संस्था तरी उरली असती का?

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत. एकदा घरात धान्य उरले नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या पोटासाठी दिले. आपल्यापैकी कोणी मंगळसूत्र द्यावे असे मी म्हणत नाही. तशी वेळ कोणावर येऊ नये, म्हणूनच सगळ्यांनी मिळून थोडे थोडे द्यावे, असे म्हणते.

आता कसे द्यावे, याविषयी माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, पैसा मंडळाच्या किंवा शाळेच्या बँक खात्यात जावा, कोणाच्या पदरात राहू नये. एका रुपयाचीसुद्धा क्रमांक घातलेली पावती द्यावी आणि तिच्यावर दोघींच्या सह्या असाव्यात. ज्यांना प्राप्तिकरात सूट हवी असेल त्यांनी संस्थेला ८०जी ची मान्यता आहे का ते आधी विचारावे. आणि २,००० रुपयांहून जास्त रोख दिल्यास ती सूट मिळत नाही, म्हणून चेक द्यावा.

दुसरी, हिशेब मागावा. शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या कायद्याप्रमाणे तिला हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो. जो हिशेब सरकारला दाखवता येतो, तो देणाऱ्या बाईला दाखवण्यात संकोच कसला? किती जमले, विटा-सिमेंटला किती गेले, गवंड्याला किती दिले, हे शाळेच्या फळ्यावर लिहावे. ही अट मान्य असेल तरच मंडळाने हात घालावा.

तिसरी, मुलांच्या हाती निरोप पाठवून पैसे मागू नयेत. ज्या घरून काही येणार नाही, त्या घरच्या मुलीला वर्गात खाली पाहावे लागेल. ती लाज आली की आपली देणगी डोनेशनच्या पंगतीला बसली असे समजा. यादीत नावे अक्षरांच्या क्रमाने असावीत, रकमेच्या क्रमाने नको.

चौथी, पैसा नसेल तर धान घ्यावे. दिवाळीच्या सुमारास धान घरी येते. एकेका घरून एकेक पायली आली आणि सारे एकत्र विकले, तर दाराखिडक्यांचा खर्च निघेल. मंडईच्या दिवसांत आपल्याकडे तिकीट काढून नाटके पाहतात. एका रात्रीचे उत्पन्न शाळेसाठी मागता येईल. गिरणीवाल्यांकडे आणि व्यापाऱ्यांकडेही जावे, पण आपल्या पायल्या आधी जमवून मग जावे. स्वतः दिलेल्या माणसाला मागताना जीभ अडखळत नाही.

शाळा खाजगी असली तरी तिच्यात बसणाऱ्या मुली आपल्या आहेत. आपण दिले तर आपल्याला विचारण्याचाही अधिकार येईल. आणि दूर उभे राहून नुसती नावे ठेवली, तर स्वच्छतागृहही होणार नाही आणि हिशेबही कोणी देणार नाही. हा ठराव आजच्या सभेत मांडावा अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे. माझ्या घरची एक पायली मी आताच लिहून देते.