सोमिन शोराईचे वंशज

जपानातील क्योतो नगरीत जुलै महिन्यात गिओन उत्सव भरतो. उत्सवाहून परतणारे लोक बांबूच्या पानांत वळलेली गवताची एक लांबट जुडी घरी नेतात व दाराच्या चौकटीवर टांगतात. तिला 'चिमाकी' म्हणतात. याच नावाचे एक पक्वान्नही आहे. परंतु या जुडीत खाण्याजोगे काही नसते. तिच्यावर एक कागदी पट्टी असते आणि तिचा आशय एवढाच, की या घरचे लोक सोमिन शोराईचे वंशज आहेत.

हा सोमिन कोणी वीर नव्हे की सिद्धपुरुष नव्हे. बिंगो प्रांताच्या प्राचीन वृत्तान्तातील कथेप्रमाणे तो एक दरिद्री गृहस्थ. दक्षिण सागराकडे निघालेल्या एका देवाने रात्रीपुरता आसरा मागितला. सोमिनच्या सधन भावाने तो नाकारला. सोमिनने मात्र राळ्याच्या काडाचे आसन मांडले आणि राळ्याचेच अन्न वाढले. काही वर्षांनी देव परतला. त्याने सोमिनच्या घरच्यांना कमरेला गवताचे कडे बांधावयास सांगितले आणि त्याच रात्री इतर सर्वांचा संहार केला. पुढे साथ आली तर सोमिनचे वंशज म्हणवून असे कडे धारण करणारे वाचतील, असे वचनही दिले.

कथेतील हे क्रौर्य झाकण्यासारखे नाही. ताईताचे मर्मही तेथेच आहे. हा ताईत पिशाचाला भिववीत नाही. साथ आणणाऱ्या देवालाच तो कुळाची ओळख देतो, आणि ते कूळ रक्ताचे नव्हे, एका गरिबाच्या आतिथ्याचे.

पुढे या देवाला गोझु तेन्नो, म्हणजे वृषभमुखी देवराज, हे नाव मिळाले. श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा तो रक्षक मानला जाई. 'गिओन' हे नावही जेतवनाच्याच चिनी नावावरून आलेले. परंपरेनुसार इ. स. ८६९ च्या साथीत प्रांतांच्या संख्येइतके ६६ भाले उभारून या उत्सवाचा आरंभ झाला. १८६८ साली सरकारने शिंतो व बौद्ध उपासना वेगळ्या केल्या. तेव्हा गोझु तेन्नोचे नाव गेले, गिओनचे देवस्थान 'यासाका' झाले. पट्टीवरचा सोमिन मात्र कोणी पुसला नाही. २०२० व २०२१ साली महामारीमुळे रथयात्रा रद्द झाली, तरी चिमाकी वाटल्या गेल्याच.

वर्ष सरले की जुनी जुडी उतरवून देवस्थानी परत देतात, आणि त्याच खिळ्याला नवी टांगतात.